गोंगाटातून निघालेले कायदे

मॅकियाव्हेलीचे नाव आपल्याकडे बहुधा शिवीसारखे वापरले जाते. एखाद्या पुढाऱ्याने रातोरात पक्ष बदलला, मित्राचा काटा काढला किंवा दिलेला शब्द गिळला, की अग्रलेखात मॅकियाव्हेली हजर होतो आणि जोडीला कौटिल्य येतो. ज्या पुस्तकामुळे ही अपकीर्ती त्याच्या वाट्यास आली ते ‘प्रिन्स’ हे लहानसे पुस्तक पुष्कळांनी निदान चाळलेले तरी असते. परंतु याच माणसाने त्याहून कितीतरी मोठा आणि अधिक सावकाशीने लिहिलेला एक ग्रंथ मागे ठेवला आहे, व त्याच्याकडे आपल्या वाचकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या पहिल्या दहा पुस्तकांवर केलेली ती चर्चा आहे. ‘डिस्कोर्सेस’ या नावाने ती ओळखली जाते. राजाने गादीवर कसे टिकावे हा तिचा विषय नव्हे. लोकांचे राज्य कशाने उभे राहते, कशाने टिकते आणि कशाने बुडते, याचा शोध लेखक तीत घेतो.

हा ग्रंथ आज पुन्हा उघडण्यास एक निमित्त झाले. संप पुकारला गेला, मोर्चा निघाला, रस्ता अडविला गेला, की सुखवस्तू घरांतून एकच सूर ऐकू येतो: मागण्या रास्त असतील, पण हा गोंधळ कशाला? राज्य चांगले असेल तर तेथे शांतता असावयास हवी. समाजाने एकदिलाने राहावे. हा आक्षेप विरोधकांकडून आला तर आपण हसून सोडून देतो. परंतु मध्यंतरी आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण मित्राने तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. आंदोलनाने लोकशाही बळकट होते असे आपण म्हणतो, त्याला श्रद्धेपलीकडे काही आधार आहे काय? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. जे द्यावयास हवे होते ते येथे मांडतो.

पंधराव्या शतकातील इटलीत प्राचीन रोम हा विद्वानांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभी सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस यांना नरकाच्या तळाशी, जूडासच्या शेजारी बसविले होते. पुढे शंभरएक वर्षांत फ्लॉरेन्सच्या विद्वानांचे मन पालटले. लिओनार्दो ब्रूनी याने तर असे प्रतिपादन केले, की आपले शहर सीझरच्या आधी, प्रजासत्ताक रोम जिवंत असताना वसविले गेले, म्हणून स्वातंत्र्य आपल्या रक्तातच आहे. मिलानच्या ड्यूकशी लढणाऱ्या शहराला अशा वंशावळीची गरज होती. परंतु सीझरविषयी या मंडळींचे मत काहीही असो, एका बाबतीत सर्वांचे एकमत होते. एकोप्याने लहान राज्ये वाढतात आणि भांडणाने मोठी राज्ये लयाला जातात, हे सॅलस्टचे वचन जो तो उद्धृत करीत असे. रोम मोठे झाले ते एकोप्याने आणि बुडाले ते कलहाने, ही समजूत वेदवाक्यासारखी होती. मॅकियाव्हेलीने हात घातला तो या समजुतीला.

लिव्हीशी त्याची ओळख बालपणापासूनची. त्याचे वडील बेर्नार्दो हे फारसे न चालणारे वकील होते. एका मुद्रकासाठी लिव्हीतील स्थळनामांची सूची तयार करण्याचे किचकट काम त्यांनी कित्येक महिने केले आणि मोबदला म्हणून ग्रंथाची छापील प्रत मिळविली. पुस्तके श्रीमंतांनाच परवडावीत अशा काळात तो लिव्ही घामाची किंमत देऊन घरात आलेला होता. पुढे १४९८ साली एकोणतिसाव्या वर्षी निकोलो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा सचिव झाला. १५१२ मध्ये मेदिची घराणे परत आले आणि त्याची नोकरी गेली. १५१३ च्या प्रारंभी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकण्यात आले व हात पाठीमागे बांधून दोराने उंच टांगण्याचा छळ सोसावा लागला. सुटल्यावर तो शहराबाहेर सान्तआन्द्रेआ येथील आपल्या लहानशा मळ्यावर राहावयास गेला. सत्तेविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. सत्तेच्या दोराला लोंबकळून आल्यावर लिहिणारे थोडे.

आता मूळ मुद्दा. इ. स. पू. ५०९ च्या सुमारास रोमच्या लोकांनी टार्क्विन राजांना हाकलून दिले व प्रजासत्ताक स्थापिले. त्यानंतर काही वर्षे उमराव आणि सामान्य जन, म्हणजे पॅट्रिशियन आणि प्लेब, अगदी गुण्यागोविंदाने राहिले. उमरावांच्या वागण्यात कमालीची नम्रता आली. मग परागंदा टार्क्विन मरण पावला, आणि त्याच्या मरणाची बातमी पोहोचताच उमरावांच्या पोटातले विष बाहेर पडू लागले. हे निरीक्षण लिव्हीचे आहे. त्यावरून मॅकियाव्हेलीने काढलेला निष्कर्ष मात्र त्याचा स्वतःचा. उमराव सौम्य होते याचे कारण त्यांना सामान्यांविषयी प्रेम होते हे नव्हे. आपण यांना दुखविले तर हे टार्क्विनच्या बाजूस जातील, ही धास्ती होती. धास्ती संपली, सौजन्य संपले. परकीय शत्रूसमोर झालेल्या ऐक्याचे आयुष्य किती असते, हे स्वातंत्र्योत्तर काळ पाहिलेल्या आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

या विषाचे स्वरूप काय होते? लिव्हीने एक प्रसंग वर्णिला आहे. रोमच्या चौकात एके दिवशी एक म्हातारा धावत आला. अंगावर चिंध्या, केस वाढलेले, हाडे वर आलेली. काही लोकांनी त्याला ओळखले: हा तर आपल्या सैन्यातला अधिकारी. त्याने छातीवरचे लढाईतले वण दाखविले. मग त्याने आपली कहाणी सांगितली. तो सबाइन लोकांशी लढावयास गेला असता शत्रूने त्याचे शेत जाळले, गुरे नेली; त्याच वेळी कर भरावयाचा आला, म्हणून त्याने कर्ज काढले; व्याज चढत गेले, वडिलोपार्जित जमीन गेली, आणि शेवटी सावकाराने त्याचे शरीरच ताब्यात घेतले. एवढे सांगून त्याने पाठ वळविली. पाठीवर चाबकाचे ताजे वळ होते. सावकारी पाश म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून देण्याची आवश्यकता नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे, की छातीवरच्या वणांचा लाभ ज्या राज्याला झाला त्याच राज्याच्या कायद्याने पाठीवरचे वळ उठविले होते.

त्यानंतर जे घडले त्यास आपण आजच्या भाषेत संप म्हणू. इ. स. पू. ४९४ मध्ये शस्त्रे बाळगणारे सामान्य नागरिक शहर सोडून जवळच्या एका टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी लुटालूट केली नाही, कोणाचे रक्त सांडले नाही; लढण्याचे नाकारले, एवढेच. सिनेटने त्यांची समजूत काढण्यासाठी मेनेनियस अग्रिप्पा या गोडबोल्या गृहस्थास पाठविले. त्याने त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली: अवयवांनी पोटावर रुसून काम बंद केले आणि त्यामुळे सगळेच शरीर खंगले. ही गोष्ट आपल्याकडेही मुलांना ऐक्याचा पाठ म्हणून सांगतात. गोष्टीनंतर काय झाले ते मात्र सांगत नाहीत. गोष्टीपाठोपाठ वाटाघाटी सुरू झाल्या आणि प्लेब परतले ते ट्रिब्यून हे पद मिळवूनच. सामान्यांचे स्वतःचे अधिकारी, ज्यांच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह मानला जाईल आणि जे उमराव अधिकाऱ्याच्या हुकुमापासून नागरिकाचा बचाव करू शकतील. पोटाने अवयवांना अशी सनद दिल्याचे बोधकथेत कोठे येत नाही!

मॅकियाव्हेली म्हणतो: टार्क्विनच्या धास्तीने उमरावांवर जो अंकुश होता, तो नाहीसा झाल्यावर त्याच्या जागी दुसरा अंकुश असणे भाग होते, तो अंकुश म्हणजे ट्रिब्यून. आणि हा अंकुश कोणा शहाण्या कायदेपंडिताने आरंभीच घडवून ठेवला नव्हता. स्पार्टाला तिची घटना एका लायकर्गसने दिली, असे परंपरा सांगते. रोमला लायकर्गस मिळाला नाही. रोमची घटना भांडणातून घडत गेली. प्रत्येक राज्यात दोन प्रवृत्ती असतात, थोरामोठ्यांची आणि सामान्यांची. थोरांना हुकमत गाजवावयाची असते, सामान्यांना आपल्यावर ती गाजविली जाऊ नये असे वाटत असते. स्वातंत्र्याला पोषक असे जे जे कायदे होतात, ते या दोहोंच्या संघर्षातून होतात. रोमच्या इतिहासात जो गोंगाट ऐकू येतो, त्यालाच नावे ठेवणारे लोक त्या गोंगाटाचा परिणाम पाहात नाहीत. सिनेटविरुद्ध ओरडणारे लोक, लोकांविरुद्ध ओरडणारे सिनेट, रस्त्यांतून धावणारे जमाव, बंद केलेली दुकाने, शहर सोडून जाणारी जनता: हे सारे वाचून पुस्तकी माणूस घाबरतो, असे तो म्हणतो. (बंद दुकानांचा उल्लेख मूळात आहे, मी पदरचा घातलेला नाही.) परंतु टार्क्विनपासून ग्रॅकसबंधूंपर्यंतच्या तीनशेहून अधिक वर्षांत या भांडणांपायी हद्दपार झालेल्या नागरिकांची संख्या आठ-दहाच्या वर गेली नाही, ठार झालेले तर त्याहून थोडे, असा त्याचा हिशेब आहे. हा आकडा त्याचा आहे. आजचे इतिहाससंशोधक लिव्हीच्या आरंभीच्या कथांवर इतका भरवसा ठेवणार नाहीत. पण युक्तिवादाचा सांधा त्यामुळे निखळत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. या गोंगाटाच्या पाठीशी वजन होते. कायदा हवा असला की लोक एक तर रस्त्यावर येत किंवा सैन्यात नाव नोंदविण्यास नकार देत. उमरावांना लढाया करावयाच्या होत्या आणि लढणारे हात सामान्यांचे होते. मॅकियाव्हेलीने याच्याशी व्हेनिसची तुलना केली आहे. व्हेनिसमध्ये शतकानुशतके शांतता नांदली. तेथील सत्ताधीश घराण्यांनी सामान्यांना शस्त्रे दिली नाहीत, युद्धासाठी भाडोत्री सैन्य ठेवले, त्यामुळे सामान्यांना नकार देण्याची सोयच उरली नाही. त्या शांततेचे मोल १५०९ मध्ये कळले. आन्यादेल्लो येथील एका लढाईत पराभव होताच मुख्य भूमीवरचा व्हेनिसचा जवळजवळ सारा प्रदेश हातचा गेला. शांत राज्य आणि बळकट राज्य या एकच गोष्टी नव्हेत. ज्याला सामान्य माणसाचे बळ हवे, त्याने सामान्य माणसाचा आवाजही सहन केला पाहिजे.

या मताला त्याच्याच मित्राने कडाडून विरोध केला. फ्रान्चेस्को ग्विचार्दिनी हा जातिवंत उमराव, पोपच्या प्रदेशांचा कारभार पाहिलेला, बुद्धीने अत्यंत तल्लख. १५३० च्या सुमारास त्याने ‘डिस्कोर्सेस’वर टिपणे लिहिली. कलहाची स्तुती करणे म्हणजे औषध गुणकारी निघाले म्हणून रोग्याच्या रोगाची स्तुती करणे होय, असे त्याने म्हटले. कोटी झकास आहे. अशी वाक्ये सभेत टाळ्या घेऊन जातात व बोलणारा क्षणभर गडबडतो. पण विचार केला म्हणजे दिसते, की ग्विचार्दिनीने एक गोष्ट गृहीत धरली आहे: समाज मुळात निरोगी असतो आणि भांडण हा त्याला बाहेरून जडलेला विकार असतो. मॅकियाव्हेलीच्या मते दोन प्रवृत्तींची ओढाताण हेच समाजाचे शरीर. ओढाताण थांबलेली दिसते तेव्हा एक बाजू थकलेली असते, किंवा तिचे हात बांधलेले असतात. कर्जदार म्हातारा चौकात धावत येण्यापूर्वी रोम शांतच होते. रोग तेव्हाही होता. तो सावकाराच्या अंधारकोठडीत होता, म्हणून सिनेटला दिसत नव्हता.

तरीही ग्विचार्दिनीच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते मॅकियाव्हेलीलाही ठाऊक होते. त्याचे स्वतःचे फ्लॉरेन्स भांडणांनी भरलेले होते. मग त्या भांडणांतून रोमसारखे स्वातंत्र्य का जन्मले नाही? १५२५ साली पूर्ण केलेल्या फ्लॉरेन्सच्या इतिहासात, ज्याची थोरवी मार्क्सने १८५७ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात आवर्जून सांगितली आहे, तो याचे उत्तर देतो. रोममधले भांडण वादविवादाने सुरू होऊन कायद्यात संपत असे. फ्लॉरेन्समधले भांडण मारामारीने सुरू होऊन हद्दपारीत आणि मृत्यूत संपत असे. रोमच्या लोकांना उमरावांच्या बरोबरीने अधिकार हवे होते. फ्लॉरेन्समध्ये जिंकलेल्या गटाला सारे अधिकार एकट्यालाच हवे होते. म्हणजे गोंगाट स्वतःहून पवित्र ठरत नाही. तो कोठे जाऊन थांबतो हे पाहावे लागते. आपल्या चळवळींचा हिशेब मांडताना हा निकष कठोर वाटेल, पण तो टाळता येणार नाही. लाखांचे मोर्चे आपण काढले. त्यांतून गावच्या पातळीवर टिकणारी, उद्या आपण नसलो तरी उमरावांचा हात धरणारी किती पदे, किती समित्या, किती हक्क मागे राहिले? काही राहिले, हे मान्य. रोजगार हमीचा कायदा दुष्काळातल्या मोर्चांतून महाराष्ट्रात १९७७ साली आला, तो या जातीचा. पण पुष्कळदा आपण टेकडीवरून गोष्ट ऐकूनच खाली उतरलो आहोत.

जमिनीचा प्रश्न आला की मॅकियाव्हेलीचा सूर बदलतो. उमरावांनी पदे व मानमरातब यांत सामान्यांना वाटा दिला. कुरकुरत दिला, पण दिला. मालमत्तेला हात लागताच मात्र ते इतके हट्टाला पेटले, की पूर्वीची सारी समजुतीची रीत मोडून पडली. माणसाला मानापेक्षा मत्ता प्रिय असते, हे त्याने स्पष्ट नोंदविले आहे. सरकारी जमीन कोणी ५०० युगेरा, म्हणजे सुमारे तीनशे एकर, यांहून अधिक धरू नये असा जुना कायदा होता व तो कागदावरच राहिला होता. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने तो पुन्हा जिवंत करावयास घेतला. महाराष्ट्रातील १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा गावात अमलात यावा म्हणून ज्यांनी तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत उंबरे झिजविले आहेत, त्यांना पुढची कथा ओळखीची वाटेल; फक्त रोममध्ये ती अधिक उघडपणे घडली. सिनेटचे सभासद बाकांचे मोडके पाय आणि दांडकी घेऊन धावून आले व त्यांनी टायबेरियसला त्याच्या अनुयायांसह ठार मारले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह होता, हे आपण वर पाहिलेच. ग्रॅकसबंधूंचा हेतू स्तुत्य, शहाणपण मात्र कमी, असा शेरा मॅकियाव्हेली मारतो. जुन्या अन्यायाला मागील तारखेचा कायदा लावू नये, तो कालांतराने आपोआप निवळतो, असेही सुचवितो. हे मला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दडपून धरलेली जमीन आपोआप निवळल्याचे उदाहरण त्याला रोमच्या इतिहासात सापडले नाही, कोठेच सापडले नसते. विशेष म्हणजे त्याच प्रकरणात, हा झगडा नसता तर रोम याहून लवकर गुलाम झाले असते, हेही तो मान्य करतो. येथे त्याच्यातला फ्लॉरेन्सचा सरकारी सचिव आणि त्याच्यातला विचारवंत यांची ओढाताण झालेली स्पष्ट दिसते.

टायबेरियसवर चालून गेलेल्या त्या सिनेटरांच्या अग्रभागी कोण होता? स्किपिओ नासिका, रोमचा मुख्य पुरोहित. हा योगायोग नव्हे. उमरावांच्या हाती जमीन आणि पैसा यांखेरीज आणखी एक शस्त्र होते, आणि मॅकियाव्हेलीने त्याचा उपयोग बारकाईने वर्णिला आहे. एका वर्षी कॉन्सलचे अधिकार असलेल्या ट्रिब्यूनांच्या जागी जवळजवळ सारे प्लेब निवडून आले. त्याच वर्षी रोगराई आली, दुष्काळ पडला, काही अपशकुन झाले. उमराव म्हणाले, निवडणुकीत राज्याची प्रतिष्ठा राखली गेली नाही म्हणून देव कोपले. पुढील निवडणुकीत भयभीत झालेल्या लोकांनी आपल्या हातांनी सगळे उमराव निवडून दिले! मॅकियाव्हेलीला यात रोमन राज्यकर्त्यांचे कौशल्य दिसते. धर्माचा सदुपयोग म्हणून तो हे उदाहरण देतो. फसविल्या गेलेल्यांच्या बाजूने त्याने त्या प्रसंगाकडे पाहिले नाही.

त्या बाजूने पाहिले ते बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले, आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे कधी न झालेले भाषण आपल्या वाचकांना परिचित आहे. त्यात समाजवाद्यांना उद्देशून जो भाग आहे, तेथे रोमच्या प्लेबांचे उदाहरण येते. प्लेबांना आपला कॉन्सल निवडण्याचा अधिकार होता, तरी त्यांना खऱ्या अर्थाने आपला म्हणता येईल असा कॉन्सल लाभला नाही. कारण निवड देवतेला मान्य असावी लागे आणि देवतेचा कौल सांगणारे पुरोहित उमरावांपैकी असत. बाबासाहेबांनी देवता डेल्फीची सांगितली आहे. रोमचा अभ्यासक म्हणेल की नियम डेल्फीचा नव्हता, शकुन पाहण्याच्या अधिकाराचा होता, आणि पुरोहितांची मुख्य मंडळे प्लेबांना इ. स. पू. ३०० मध्ये ओगुल्नियन कायद्याने खुली झाली. या तपशिलाने मुद्दा दुर्बळ होत नाही. सत्तेचे मूळ केवळ मालमत्तेत नसते, धर्म आणि सामाजिक दर्जा यांतही असते, हे त्यांचे म्हणणे मॅकियाव्हेलीच्याच पानावरील घटनेने सिद्ध होते. आपल्या पक्षवर्तुळात त्या इशाऱ्याला बराच काळ तोंडदेखली दाद मिळाली. कूळकायद्याच्या लढ्यात एका बाकावर बसणारे दोन शेतकरी गावच्या पाणवठ्यावर एकमेकांना शिवत नव्हते, आणि ते आपण नंतर बघू असे म्हणून पुढे गेलो. प्लेबांच्या पदरात मत होते. कौल लावणारा त्यांचा नव्हता.

आता मॅकियाव्हेलीच्या स्वतःच्या प्रयोगाकडे वळतो. कारण विचारवंताची परीक्षा तेथे होते. भाडोत्री सैन्याचा त्याला तिटकारा होता. रोमच्या धर्तीवर फ्लॉरेन्सचे स्वतःचे सैन्य असावे म्हणून त्याने अथक खटपट केली. १५०६ च्या कडाक्याच्या थंडीत तो मुजेल्लोच्या खेड्यांतून हिंडून शेतकऱ्यांची भरती करीत होता. फेब्रुवारीत पांढरी बंडी आणि तांबड्या-पांढऱ्या तंग विजारी घातलेल्या चारशे शेतकऱ्यांचे संचलन शहराच्या मुख्य चौकात झाले आणि नागरिकांनी ते कौतुकाने पाहिले. १५०९ मध्ये या दलाच्या साहाय्याने पिसा पुन्हा जिंकले गेले. पिसाचे लोकही स्वातंत्र्यासाठीच पंधरा वर्षे झुंजत होते, ही गोष्ट मात्र रोमच्या चाहत्याच्या मनाला शिवली नाही. मग ऑगस्ट १५१२ मध्ये स्पॅनिश सैन्य प्रातो येथे येऊन ठेपले. तटाला खिंडार पडताच शेतकऱ्यांचे दल फुटले, शहराची निर्घृण लूट झाली, आणि काही दिवसांतच प्रजासत्ताक कोसळले.

टीकाकारांनी निष्कर्ष काढला: शेतकरी लढू शकत नाही. मुसोलिनीच्या तुरुंगात बसून ग्राम्शीने याच योजनेकडे निराळ्या नजरेने पाहिले. शेतकऱ्यांचा प्रचंड समुदाय राजकारणात उतरल्याखेरीज राष्ट्राची सामूहिक इच्छाशक्ती निर्माण होत नाही, आणि सैन्यसुधारणेमागे मॅकियाव्हेलीची हीच जाणीव होती, असे त्याने लिहिले. ग्राम्शीचे हे वाचन उदार आहे. मला वाटते, जरा अधिकच उदार. कारण प्रातोच्या तटावर उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला फ्लॉरेन्सने दिले काय होते? त्या शहराच्या महासभेत बसण्याचा अधिकार सुमारे तीन हजार नागरिकांना होता. खेड्यातल्या माणसाला तो नव्हता. त्याला कर होता, आणि आता भाला होता. अरेत्सोसारख्या अंकित शहरांत तर शस्त्रे देऊच नयेत, दिली तर ती बंड करतील, हे मॅकियाव्हेलीने स्वतःच आपल्या टिपणात लिहिले आहे. आणि या शेतकऱ्यांना शिस्त लावण्यासाठी नेमला कोण, तर दोन मिकेलेत्तो, चेझारे बोर्जाचा कुप्रसिद्ध गळेकापू. रोमच्या शेतकऱ्याने लढण्यापूर्वी टेकडीवर जाऊन ट्रिब्यून मागून घेतला होता. फ्लॉरेन्सच्या शेतकऱ्याला टेकडी दाखविलीच गेली नाही. ज्याने रोमचे मर्म इतके अचूक ओळखले, त्याने स्वतःच्या शहरात त्यातला भाला तेवढा उचलला आणि मत मागे ठेवले. सचिवाच्या पगारावर याहून अधिक करता येत नव्हते, असे म्हणता येईल. तसे आपणही पुष्कळदा म्हणतो.

मे १५२७ मध्ये मेदिची पुन्हा पळाले व प्रजासत्ताक परत आले. आपले जुने पद मिळेल या आशेवर असलेल्या मॅकियाव्हेलीला नव्या सरकारने दूर ठेवले. मधल्या काळात त्याने मेदिचींची चाकरी केली होती. २१ जून रोजी तो मरण पावला. पुढल्या वर्षी त्याच सरकारने शहरातील नागरिकांचे सशस्त्र दल उभारले. या दलातल्या माणसाला महासभेत जागा होती. ऑक्टोबर १५२९ मध्ये सम्राट आणि पोप यांच्या संयुक्त सैन्याने शहराला वेढा घातला. उपासमार, रोगराई आणि तोफांचा मारा सोसत फ्लॉरेन्स दहा महिने झुंजले. ऑगस्ट १५३० मध्ये ते पडले. भाडोत्री सेनापती मालातेस्ता बाल्योनी शत्रूशी संधान बांधून फितूर झाला होता, आणि त्याने आपल्या तोफा शहराच्याच दिशेने वळविल्या. पुढील वर्षी, विजयी मेदिची पोप सातवा क्लेमेंट याच्या परवान्याने, ‘डिस्कोर्सेस’ प्रथम छापून प्रसिद्ध झाले.